चर्चमागच्या तुकड्यातल्या शेवटच्या दोन बाटल्यांची व्यवस्था

मी, एवाल्ड बेनो रोरलाख, वय वर्षे त्र्याऐंशी, धंदा द्राक्षबागाईत (गुडघ्यांमुळे आता बंद), राहणार लांगटाल, टनुंडाजवळ, बरोसा खोरे, दक्षिण ऑस्ट्रेलिया, आज शनिवारी दुपारचे जेवण झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. तशी खात्री करून घ्यावी म्हणून सकाळी बायबलातल्या दहा आज्ञा आमच्या ल्युथरन क्रमाने म्हणून पाहिल्या. आठवीपाशी अडखळलो, पण तिथे मी शाळेतही अडखळत असे. तब्येत बरी आहे असे डॉक्टर म्हणतात. माझ्या वडिलांच्या डॉक्टरांनीही तसेच म्हटले होते.

शाळा मी तेराव्या वर्षी सोडली, कारण त्या हंगामात द्राक्षतोडणीला माणसे कमी होती. तेव्हा अक्षराला आणि कलमांच्या क्रमाला कोणी हसू नये.

याआधी केलेली माझी सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतले एक पावाच्या डब्याखाली आहे, एक शिवणयंत्राच्या खणात, एक बायबलमध्ये, आणखीही असतील. सापडतील ती जाळावीत, मात्र जाळण्याआधी उलटून पाहावीत. एकाच्या पाठीमागे माझ्या पत्नीच्या लाल कोबीची कृती आहे आणि ती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाही.

कलम १. माझा अंत्यविधी आमच्या ल्युथरन चर्चमध्ये व्हावा. पाळकसाहेबांनी माझ्याविषयी चांगले बोलावे, पण थोडक्यात, कारण बाहेर बँडची माणसे उभी असतात आणि पितळी वाद्ये थंडीत सूर सोडतात. त्या बँडमध्ये मी उभा जन्म दुसरा कॉर्नेट वाजवला. बँडने शेवटचे कडवे घाईने उरकू नये. ट्युबावाल्याला नेहमी जेवणाची घाई असते. नंतर हॉलमध्ये कॉफी आणि साखरेचा चुरा घातलेला केक द्यावा. वाइन द्यायची तर काचेच्या पेल्यात द्यावी. कागदी पेल्यात वाइन दिलेली मला कळली तर मी स्वस्थ पडणार नाही.

मला निळा सूट घालावा. तपकिरी सूट रेनहोल्डच्या मापाचा आहे, पण तो त्याला देऊ नये. रेनहोल्ड झ्वार हा माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. कुंपणापलीकडे राहतो. त्याच्याविषयी पुढे येईलच. तो सगळीकडे येतोच.

कलम २. माझी पत्नी इर्मगार्ड हिला जाऊन नऊ वर्षे झाली. आम्हांला एकच मुलगी, रेनाटे. ती ॲडलेडला असते. घर, घराभोवतीची जमीन, बँकेतली शिल्लक आणि कोंबड्या असे सगळे रेनाटेचे. तिनेच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. तिला माझ्या सगळ्या सवयी माहीत आहेत आणि त्या तिला आवडत नाहीत, म्हणजे ती काम लवकर उरकेल. पांढरी कोंबडी म्हातारी झाली आहे, तरी तिला कापू नये.

कलम ३. शेपू आणि द्राक्षाची पाने घालून काकड्या मुरवण्याची इर्मगार्डची चिनी मातीची बरणी रेनाटेला. टनुंडाच्या जत्रेत काकड्यांच्या स्पर्धेत एके वर्षी इर्मगार्डला दुसरे बक्षीस मिळाले. तेव्हा परीक्षक होता त्याने आधी कांदा खाल्ला होता. हे मी तेव्हा बोललो नाही, आता लिहून ठेवतो.

कलम ४. जावई ग्रॅहम याला तळघरातला उष्णतामापक. ग्रॅहम दातांचा डॉक्टर आहे आणि माणूस वाईट नाही. त्याच्याकडे वाइन ठेवायचे विजेचे कपाट आहे, त्यात निळा दिवा लागतो. त्याने वाइन चाखण्याचा वर्गही केला आहे. तो पेला फिरवतो, त्यात नाक घालतो आणि डोळे मिटून म्हणतो, "चामडं. तंबाखू. ओली पानं. पेन्सिलचं टोक."

मी एकदा त्याला म्हटले, "ग्रॅहम, त्यात द्राक्षंही आहेत."

"पप्पा, ती तर सगळ्यातच असतात," तो म्हणाला.

माझ्या बाटल्यांना लिलावात काय भाव येईल तेही त्याने फोनवर पाहून ठेवले आहे. तो आकडा मी इथे लिहीत नाही, कारण तो वाचून मला त्या रात्री झोप लागली नव्हती आणि वाचणाऱ्यालाही लागणार नाही. पुढचे कलम त्याच्यामुळेच काळजीपूर्वक लिहावे लागत आहे.

कलम ५. तळघर. ज्या कोणाच्या ताब्यात ते जाईल त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. दार आपटू नये. जानेवारीच्या उकाड्यात दाराला ओली गोणपाटे टांगावीत. दिवा लागेल तेवढाच लावावा. खाली रंगाचे डबे, कांदे किंवा रॉकेल ठेवू नये. रेडिओ तर मुळीच नेऊ नये. फुटबॉल लागला की रेडिओ थरथरतो आणि तळाचा गाळ हलतो. मी रोज सकाळी आणि संध्याकाळी खाली जाऊन पाहतो. तेवढे कोणी करेल अशी अपेक्षा नाही, पण केले तर बरे.

कलम ६. बाटलीला बूच ठोकण्याचे हातयंत्र, ओतीव लोखंडाचे, लाकडी मुठीचे. हे माझे आहे आणि रेनहोल्डच्या शेडमध्ये आहे. इर्मगार्डच्या अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात त्याने ते एका दिवसासाठी म्हणून नेले. मागायला गेलो की म्हणतो, निम्मे पैसे त्याच्या वडिलांनी दिले होते. दिले असतील. मग निम्मे यंत्र तरी परत द्यावे. ते रेनाटेने त्याच्याकडून वसूल करावे. एकटीने जाऊ नये, तो बोलण्यात गुंतवतो.

कलम ७. आता मुख्य गोष्ट.

आमच्या चर्चच्या मागे शिराझ जातीच्या द्राक्षांचा एक तुकडा होता. वेली माझ्या पणजोबांनी लावलेल्या, मांडीएवढ्या जाड, द्राक्षे लहान आणि काळी. १९७१ च्या तोडणीत, पाट्या भरत असताना, रेनाटे झाली. त्या वर्षी त्या तुकड्यातले एक लहान पिंप मी आणि रेनहोल्डने विकले नाही. पोरीच्या जन्माची वाइन म्हणून स्वतः केली, बाटल्या भरल्या आणि निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या. पुढे सरकारने जुन्या वेली उपटणाऱ्याला पैसे दिले तेव्हा खोऱ्यातल्या पुष्कळांनी उपटल्या, आणि तो तुकडाही गेला. आता राहिलेल्या जुन्या वेलींशेजारी फलक लावतात आणि पर्यटक त्यांना मिठी मारून फोटो काढतात. म्हणजे ती वाइन पुन्हा होणे नाही. जेवढी होती तेवढीच.

रेनहोल्डने त्याचा वाटा दहा वर्षांत संपवला. बारशाला, केगलचा, म्हणजे लाकडी खुंट्या पाडायच्या खेळाचा, सामना जिंकला म्हणून, केगलचा सामना हरला म्हणून. सरबतासारखी प्यायला. मी माझा वाटा राखला. रेनाटेचे चर्चमध्ये दृढीकरण झाले, म्हणजे तिला चर्चचे पूर्ण सभासद करून घेतले, तेव्हा मी वाइन चाखून पाहिली; कडक होती, तयार नव्हती. तिचे लग्न झाले तेव्हा आणखी पाच वर्षे थांबावे असे मला वाटले, म्हणून लग्नात दुसरी दिली. नंतर नातवंडे झाली नाहीत, त्यामुळे प्रसंग आला नाही. रेनाटे म्हणते, लाल वाइनने तिचे डोके दुखते. कुठली लाल वाइन पिऊन तिने डोके दुखवून घेतले ते मला माहीत नाही. ही नव्हे. ही तिने अजून चाखलेलीच नाही.

जुन्या बाटलीचे बूच हळूहळू खचते. त्यातून वाइन उडत जाते आणि पातळी मानेवरून खांद्यावर उतरते. मग बूच काढून वरून भर घालावी लागते, आणि भर त्याच वाइनची लागते. म्हणजे एक बाटली फोडायची, तिच्यातून बाकीच्यांना थोडे थोडे पाजायचे आणि नवी बुचे ठोकायची. मी हे वेळच्या वेळी, जरा शंका आली तर आधीही, करत आलो. फोडलेल्या बाटलीत जे उरे ते मी, इर्मगार्ड आणि रेनहोल्ड तिथेच तळघरात उभ्याने पीत असू. इर्मगार्ड दर वेळी म्हणे, "हिला बूट पॉलिशचा वास येतो," आणि पेला पुढे करी.

असे करता करता दोन राहिल्या. आता एकीला वाचवायचे तर दुसरी फोडणे आले. आणि नऊ वर्षे यंत्रही हाताशी नाही.

त्या दोन बाटल्यांची व्यवस्था अशी. एक रेनाटेला. ती तिने विकू नये, ग्रॅहमला विकू देऊ नये, निळ्या दिव्याच्या कपाटात ठेवू नये. उघडण्याआधी दोन दिवस उभी करावी, मानेमागे बॅटरी धरून हळूच दुसऱ्या भांड्यात निथळावी, गाळ दिसला की थांबावे आणि लगेच प्यावी. इतकी जुनी वाइन हवेत फार वेळ टिकत नाही.

दुसरी बाटली रेनहोल्डला, म्हणजे त्याचे तोंड कायमचे बंद होईल. अट अशी, की पहिला घोट घेतल्यावर त्याने रेनाटेसमोर मोठ्याने म्हणावे, "एवाल्डने ठेवली ते बरे केले." तसे न म्हटल्यास बाटली काढून घ्यावी.

कलम ८. वरचे कलम लिहून झाल्यावर एक घोळ लक्षात आला आहे, तो नोंदवतो.

साक्षीदार म्हणून मी सकाळीच दोघांना बोलावले होते. एक डल्सीबाई ट्रेझाइझ, पोस्टातल्या. त्या मेथॉडिस्ट आहेत, थेंबही घेत नाहीत, म्हणून त्यांना या कागदात काही मिळण्याचा प्रश्न नाही. दुसरा रेनहोल्ड, कारण तो जवळ आहे. आता ज्याला मृत्युपत्रात काही ठेवले त्यानेच साक्षीदार म्हणून सही करणे मला पटत नाही. टनुंडाच्या वकीलबाई म्हणतात की आमच्याकडे कायदा आता तेवढा कडक नाही. कायदा नसेल, मी आहे. साक्ष देणाऱ्याचा हात रिकामा असावा. हे लक्षात आले तेव्हा डल्सीबाई विणकाम घेऊन बसल्या होत्या आणि रेनहोल्ड दारात उभा होता.

"कशावर सही करायची?" त्याने विचारले.

"मृत्युपत्रावर."

"कोणाच्या?"

"माझ्या. आणखी कोणाच्या?"

"परत? गेल्या इस्टरला एकदा मेला होतास ना?"

"रेनहोल्ड, डल्सीबाई बसल्यात. नीट बोल."

"त्यात माझं नाव आहे का, भावोजी?" एरवी तो मला नावाने हाक मारतो. भावोजी म्हणाला की समजावे, चिडवतो आहे.

"ते साक्षीदाराला सांगायचं नसतं."

"म्हणजे आहे."

"मी असं म्हटलं का?"

"म्हणजे नाही! जन्मभर कुंपणाला कुंपण लावून राहिलो, सख्खी बहीण दिली, आणि नाव नाही."

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली, म्हणजे तो बसणार. "हे बघ," तो म्हणाला, "नाव असेल तर मी सही करत नाही, कारण सही केली की तू मला काही देणार नाहीस. तुझा तो नियम गावाला पाठ आहे. आणि नाव नसेल तरी करत नाही. फुकट कशाला करू?"

"त्यांचं म्हणणं बरोबर आहे," डल्सीबाई विणता विणता म्हणाल्या.

"तुम्ही कोणाच्या बाजूच्या?" मी विचारले.

"मी साक्षीदार आहे. मला बाजू नसते."

त्यावर रेनहोल्ड म्हणाला, "बाटल्या दाखव."

आम्ही खाली गेलो. गुरुवारपासून मला शंका येत होती म्हणून मी दोन्ही उभ्या करून ठेवल्या होत्या. त्याने बॅटरी धरली. पातळी खांद्याच्याही खाली होती, दोन्हींची.

"खाली गेली," तो म्हणाला.

"यंत्र कोणाकडे आहे?"

तो तडक वर गेला, कुंपण ओलांडले आणि ढकलगाडीवर यंत्र घालून आला. नऊ वर्षांनी. वर तेलही घातलेले. "एक उघड," तो म्हणाला, "दुसरी भर, बूच ठोकू. भरून उरेल ते मला आत्ता, या पेल्यात दे. हाताने दिलेलं मृत्युपत्रात मोजत नाहीत. तुझा नियमही राहील आणि मी सहीही करीन."

मी म्हटले, विचार करतो. तो म्हणाला, "तू अठ्ठेचाळीस वर्षं विचारच करतोयस."

मग मी एक उघडली. दोन पात्यांचे बूचकाढणे दोन्ही बाजूंनी घालून हळूहळू फिरवले तरी बूच भुगा होऊन आले. मानेमागे बॅटरी धरून निथळली. रंग चहासारखा होता. वास भिजून वाळलेल्या वर्तमानपत्राचा. मी घोट घेतला. आंबट, आणि आंबटामागे काहीच नाही. रिकाम्या खोलीत हाक मारावी तसे.

रेनहोल्डने आपला पेला सगळा संपवला. तोंड पुसले आणि म्हणाला, "वाईट नाहीये."

माझ्या वाइनला 'वाईट नाही' असे रेनहोल्ड आयुष्यात कधी म्हणालेला नाही. तेव्हा मला नक्की कळले की ती मेली आहे.

अशा वाइनची भर दुसरीत घालता येत नाही. आणि दुसरी तिचीच बहीण, त्याच फळीवर, तेवढीच खाली उतरलेली. मी वर येऊन खुर्चीत बसलो. समोर हाच कागद होता आणि त्यात सातव्या कलमात लिहिलेले होते, एक रेनाटेला. काय द्यायचे रेनाटेला? तिचा जन्म झाला त्या दिवसाचे म्हणून राखलेले, ते हे?

"चहा करू का?" डल्सीबाईंनी विचारले.

रेनहोल्ड उठून बाहेर गेला. यंत्र न्यायला गेला असेल असे वाटले, पण यंत्र तिथेच होते.

कलम ९. तो परत आला तेव्हा मी खिडकीतून पाहिले. रेनहोल्ड चालतो तेव्हा वाटेतल्या कोंबड्या उडतात. पण या वेळी तो असा येत होता की जणू चर्चमध्ये नवरीचा हात धरून चालला आहे. हातात बाटली होती. वरची धूळ पुसलेली नव्हती. आमचीच बाटली, आमच्याच मेणाची. पातळी मानेपर्यंत.

"ही कुठली?" मी विचारले.

"माझ्या वाट्यातली. शेवटची."

"तू सगळ्या संपवल्यास!"

"एक सोडून. तुझ्या अंत्यविधीला उघडणार होतो. एक आहे असं सांगितलं असतं तर तू तिचीही भर घालायला मागितली असतीस."

"ठेवली कुठं होतीस?"

"जमिनीखालच्या जुन्या पाण्याच्या टाकीत. आडवी."

"तिथं उष्णता किती असते?"

"बघितलं नाही."

"उंदीर?"

"असतील."

"किती वेळा तपासलीस?"

"एवाल्ड, ठेवली आणि झाकण लावलं. एवढंच."

मग त्याने एक गोष्ट सांगितली ती इथे लिहितो. त्याच्या म्हणण्यानुसार, इर्मगार्डच्या अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात मी तळघरात बसून परत भर घालायच्या गोष्टी करत होतो, म्हणून त्याने यंत्र उचलून नेले. "तू त्या बाटल्यांना मरू देत नव्हतास आणि जगूही देत नव्हतास. दर वेळी बूच काढायचं, दर वेळी हवा आत. उरलेल्या दोन तरी सुटतील, असं मला वाटलं." वाइन माझ्या काळजीने मेली असा याचा अर्थ होतो. हे मला मान्य नाही. आणि मृत्युपत्रात प्रत्येक गोष्ट मान्य केलीच पाहिजे अशी सक्ती नाही.

मी रेनाटेला फोन केला.

"पप्पा! पडलात का?"

"नाही."

"गॅस चालू राहिला?"

"नाही गं. तू ये. ग्रॅहमलाही आण."

"ग्रॅहमला? दात दुखतोय?"

"काही दुखत नाही. ये."

तेवढ्या बोलण्यावरून दोघे सूर्य मावळायच्या आत पोचली. ग्रॅहमने औषधांची पेटी आणली होती. रेनाटेने दारातच माझ्या कपाळाला हात लावला, मग मामाकडे पाहिले. "रेनहोल्ड मामा, यांना काय झालंय?"

"तुझ्या बापाला वाइन उघडायचीये," रेनहोल्ड म्हणाला.

"बापरे," असे म्हणून रेनाटे खाली बसली.

टेबलावर पाव, धुरावलेले मेटवुर्स्ट सॉसेज आणि काकड्या मांडल्या. दोन दिवस उभी ठेवायला हवी होती, पण रेनहोल्डने तिला टाकीतून काढल्यापासून आडवीच धरली होती, बाळासारखी, म्हणून गाळ एका बाजूला जागच्या जागी होता. मी बाटली तशीच तिरपी ठेवून उघडली. बूच अखंड आले. निथळताना मला दोन्ही हात बाटलीला लागले, म्हणून बॅटरी डल्सीबाईंनी धरली.

रंग काठाला विटकरी होता आणि मध्ये अजून लाल, काळपट लाल. वास यायला थोडा वेळ लागला. काळ्या आलुबुखाराचा मुरंबा, मग धुरात टांगलेले मांस, आणि मागून, बऱ्याच मागून, त्या तुकड्यातली माती. थोडे बूट पॉलिशही. इर्मगार्डचे बरोबर होते.

ग्रॅहमने पेला फिरवला, नाक घातले, डोळे मिटले. आम्ही सगळे चामड्याची वाट पाहत होतो. त्याने पेला खाली ठेवला, चष्मा काढला आणि उगाच पुसत बसला. तेव्हापासून ग्रॅहमविषयी माझे मत बदलले आहे. कलम ४ मधला उष्णतामापक तसाच राहू द्यावा, शिवाय त्याला माझे चांगले बूचकाढणेही द्यावे.

डल्सीबाईंनी फक्त वास घेतला. दोनदा. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा त्यांचे नाक ओले झाले, पण त्याला पिणे म्हणत नाहीत असे आम्ही सर्वांनी मानले.

रेनाटेने पेला दोन्ही हातांत धरला होता. लहानपणी दुधाचा धरायची तसा. एक घोट घेतला. मग दुसरा. मग रिकामा पेला माझ्यापुढे केला.

"अजून आहे का?"

"डोकं दुखेल तुझं," मी म्हटले.

"दुखू दे."

मी भरला. रेनहोल्डने कोपराने मला ढोसले. "आता बोल की. मी ठेवली ते बरं केलं की नाही? म्हण मोठ्यानं. पोरीसमोर म्हण."

"टाकीत उंदीर असतात," मी म्हणालो.

बाटली तिथेच संपली. गाळ रेनाटेने पावाला लावून खाल्ला.

कलम १०. आज रविवार आहे. चर्चहून आल्यावर पुढचे लिहीत आहे. वरील घडामोडींमुळे सातव्या कलमातली व्यवस्था रद्द करून नवी करत आहे.

त्या दोहोंपैकी जी एक बाटली तळघरात शिल्लक आहे ती माझ्या अंत्यविधीच्या दिवशी, हॉलमध्ये न नेता, माझ्या स्वयंपाकघरात उघडावी. भर घालू नये. रोज खाली जाऊन पाहू नये. मीही आजपासून रोज एकदाच जाणार आहे. चांगली निघाली तर पहिला पेला रेनाटेचा. आंबलेली निघाली तर टाकून देऊ नये, इर्मगार्डच्या कृतीने लाल कोबी करून त्यात घालावी आणि बँडच्या माणसांना वाढावी. कृती कुठे आहे ते वर सांगितले आहे.

बूच ठोकण्याचे यंत्र आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. रेनहोल्ड म्हणतो, जाताना नेतो. बघू.

तपकिरी सूट मी रेनहोल्डला आज सकाळी जिवंतपणी हाताने दिला आहे, म्हणजे तो या कागदात मोजायचा नाही. तो घालूनच तो चर्चला आला. बाह्या त्याला आखूड होतात. मापाविषयी कलम १ मध्ये लिहिले ते चुकीचे होते.

कलम ११. मी काल जे बोललो नाही ते इथे लिहितो. रेनाटेने हे कलम माझ्या अंत्यविधीनंतर, शिल्लक बाटली उघडण्याआधी, रेनहोल्डसमोर उभे राहून मोठ्याने वाचावे. तो आधी गेला तर त्याच्या कबरीपाशी वाचावे. लाज वाटली तरी वाचावे. मजकूर असा: रेनहोल्डने ठेवली ते बरे केले.

यात त्याला वस्तुरूपाने काही मिळत नाही, म्हणून तो साक्षीदार होऊ शकतो असे मी ठरवले आहे.

या कागदाच्या तिसऱ्या पानावर जो लाल डाग आहे तो शिराझचा आहे, रक्ताचा नाही, आणि त्याखाली काही खाडाखोड केलेली नाही. साक्षीदारांनी मजकूर वाचायचा नसतो, फक्त माझी सही होताना पाहायची असते. म्हणून सह्यांच्या वेळी वरच्या मजकुरावर मी पाव कापायची फळी ठेवणार आहे. सह्यांखालच्या ओळी मी सह्या होऊन गेल्यावर, त्या दोघांना न दाखवता, लिहीन. त्या ओळींनी कोणाला काही मिळणार नाही, फक्त घडले ते कळेल.

साक्षीदारांसमोर सही करणार: एवाल्ड बेनो रोरलाख

साक्षीदार पहिल्या: डल्सी मेबल ट्रेझाइझ, पोस्ट खाते, लांगटाल

साक्षीदार दुसरा: रेनहोल्ड ऑस्कर झ्वार, निवृत्त बागाईतदार, कुंपणापलीकडे

स्थळ: स्वयंपाकघर, लांगटाल, टनुंडाजवळ. रविवार, दिनांक २६ मे २०१९.

ता. क. सही करण्याआधी रेनहोल्डने लेखणी हातात धरून फळीकडे पाहिले आणि शेवटचे विचारले, "खरं सांग, भावोजी. यात माझं नाव आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने सही केली, टोपी घातली आणि यंत्र न नेता निघून गेला. तो गेल्यावर मी दहा आज्ञा पुन्हा म्हणून पाहिल्या. आठवी आता बरोबर आठवते: खोटी साक्ष देऊ नकोस.